फावोरिटेनमधून, तुझ्याशिवाय

प्रिय अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "आई, अख्खा युरोप पडलाय आणि तुम्ही परत व्हिएन्नालाच कशाला गेलात?" आवाज नीट येत नव्हता, आणि उत्तरही फोनवर आटपण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र लिहितेय. सवडीने वाच.

तू तिथे शिकत होतास तेव्हा आम्ही येत होतो ते तुझ्याकडे. व्हिएन्ना तुझ्या खोलीच्या खिडकीबाहेर होतं, इतकंच. बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. आल्या आल्या तुझा फ्रिज उघडून बघायचा, तू वाळलास का ते बघायचं. शोनब्रुनच्या बागेत उभं राहूनही माझं लक्ष तुझ्या स्वेटरच्या उसवलेल्या बाहीकडे. त्या वेळी तेच बरोबर होतं. आता तू आणि मुग्धा मॉन्ट्रियलला. व्हिएन्नात मला कुणासाठी कुकर लावायचा नव्हता, कुणाच्या परीक्षेची वेळ सांभाळायची नव्हती. ओळखीचं शहर आणि हात मोकळे, असा योग मला आयुष्यात पहिल्यांदा आला.

बाबांचं म्हणणं होतं की या वेळी रिंग या गोल हमरस्त्याच्या आत, शहराच्या मध्यात, ऑपेराजवळ राहू. मी हट्टाने दक्षिणेच्या कामगारवस्तीत, फावोरिटेनमध्येच खोली घेतली, तुझ्या जुन्या घराच्या मागच्या गल्लीत. कोपऱ्यावरचा बेकरीवाला बदललाय. चेस्टनटची झाडं मात्र तीच, पांढऱ्या तुऱ्यांनी भरलेली.

पहिल्या सकाळी सवयीने कोथिंबीर आणायला व्हिक्टर-आडलर-मार्क्टला गेले. तिथल्या तुर्की भाजीवाल्याशी माझी खुणांची भाषा तुला आठवत असेल. या वेळी जुडी हातात धरून मी मंडईच्या नावाची पाटी वाचली आणि मला वाटलं, हे नाव आपण इतकी वर्षं घेतोय, हा माणूस कोण? मग बाबांनी शोधलं, मी वाचलं, आणि त्या दिवशी आमची ऑपेराची तिकिटं काढायची राहिली ती राहिलीच.

आडलर डॉक्टर होते. फावोरिटेनच्या दक्षिणेला व्हीनरबेर्ग म्हणून जी टेकडी आहे, तिथे विटांच्या प्रचंड भट्ट्या होत्या. बोहेमिया-मोरावियातून आलेली गरीब चेक कुटुंबं तिथे राबायची. मजुरी पैशांत मिळत नसे, पत्र्याचे बिल्ले मिळत, आणि ते चालत फक्त मालकाच्याच दुकानात. आडलर १८८८ मध्ये ओळख लपवून त्या भट्ट्यांत शिरले आणि डोळ्यांनी पाहिलं ते आपल्या साप्ताहिकात छापलं. पुढे ऑस्ट्रियातल्या कामगारांचा पक्ष त्यांनीच उभा केला. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं, त्याच्या आदल्याच दिवशी ते गेले.

रिंगवरचे जे वाडे, संग्रहालयं आपण मान वर करकरून पाहिली, त्यांच्या दगडी दिसणाऱ्या दर्शनी भागांमागे वीट आहे, आणि ती पुष्कळशी याच टेकडीवरची. हे कळल्यावर मी बाबांना घेऊन व्हीनरबेर्गला गेले. माती काढून काढून झालेल्या खाणींत आता तळी आहेत, लव्हाळी आहेत, बायका बाबागाड्या ढकलत फिरतात. बाबा बराच वेळ बाकावर बसून होते. मी काठाने हिंडले.

रॉयमानप्लात्स या चौकाचंही तेच. तुझ्या मेट्रोचं ते स्टेशन, तिथलं आइस्क्रीम तुला फार प्रिय. याकोब रॉयमान हे १९१९ मध्ये झालेले कामगार पक्षाचे पहिले महापौर. त्याच चौकातलं आमालियनबाड हे सार्वजनिक स्नानगृह १९२६ चं आहे. तू तिथे पोहायचास आणि मी पिशवी धरून बाहेर उभी. या वेळी तिकीट काढून आत गेले. केवढा तो हॉल, वर काचेचं छत, भिंतींना रंगीत फरशा! ज्यांच्या घरात न्हाणीघरच नव्हतं अशा माणसांसाठी नगरपालिकेने हे बांधलं, आणि त्यात कुठे काटकसर केलेली दिसत नाही. गरिबांसाठी आहे म्हणून कसंतरी, असं कुठेच नाही. माझी सगळी नोकरी महापालिकेच्या पाणीखात्यात गेली, त्यामुळे मला हे फार लागलं. सार्वजनिक काम सुंदरही असावं असं आमच्या बैठकीत कुणी बोललं असतं तर पुढच्या विषयाला हात घातला गेला असता.

मग एक दिवस डी ट्रामने हायलिगेनश्टाटला कार्ल-मार्क्स-होफ बघायला. १९३० साली पुरी झालेली ही वसाहत एक किलोमीटरहून लांब आहे, १,३८२ घरांची. वास्तुकार कार्ल एन. मोठमोठ्या कमानींतून आत गेलं की बागा. बहुतेक जमीन मोकळीच सोडलीय. कमानींवर चार पुतळे: स्वातंत्र्य, लोककल्याण, ज्ञान आणि शरीरसंपदा. धुणं धुण्याची जागा, बालवाडी, वाचनालय, दवाखाना सगळं आवारातच.

तुला माहीत आहे, माझं माहेर वरळीच्या बीडीडी चाळीत. ती चाळ याच दशकातली, तीही सरकारने कामगारांसाठीच बांधलेली. १६० चौरस फुटांची एक खोली, मजल्यावर सामायिक संडास, आणि आम्ही सातजण. मी त्या चाळीला नावं ठेवणार नाही, तिथल्या माणसांनी मला शिकवलं. पण कार्ल-मार्क्स-होफच्या एका सज्जात एक आजी कुंडीला पाणी घालत होत्या, आणि मला माझ्या आईला असा सज्जा मिळायला हवा होता असं इतकं तीव्र वाटलं की बाबांना क्षणभर काही सांगता येईना.

हे घडलं कसं? ह्यूगो ब्राइटनर म्हणून शहराचा खजिना सांभाळणारे गृहस्थ होते. त्यांनी १९२३ मध्ये घरबांधणीसाठी वेगळा कर बसवला: मोठ्या बंगल्यांवर भारी, दोन खोल्यांच्या घरावर नगण्य. त्यातून १९३४ पर्यंत ६०,००० हून जास्त घरं उभी राहिली. १९३४ च्या फेब्रुवारीत देशाच्या सरकारने कामगारांचा उठाव मोडायला कार्ल-मार्क्स-होफवर तोफा डागल्या. ब्राइटनर ज्यू होते. त्यांना देश सोडावा लागला आणि १९४६ मध्ये, घरी परतायचं ठरत असतानाच, कॅलिफोर्नियात ते वारले. आपण जे शहर संगीताचं म्हणून पाहत होतो त्याने आपल्याच माणसांशी काय काय केलं, हेही मी या वेळी वाचलं. १९३८ नंतर नाझी राजवटीत ऑस्ट्रियातल्या ६५,००० हून अधिक ज्यूंचा खून झाला. लेओपोल्डश्टाट या जुन्या ज्यू वस्तीच्या फुटपाथांवर त्यांच्या नावांच्या पितळी पाट्या आहेत. आपण त्या रस्त्याने प्राटरच्या बागेत जायचो. या वेळी चालायला फार वेळ लागला.

आता पाण्याबद्दल. तू हसशील, आई शेवटी पाण्यावर येणारच होती. पण ऐक.

तुझ्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, विटांचा, नक्षीदार टोपीचा उंच मनोरा आहे. आपण त्याला 'राक्षसाचा किल्ला' म्हणायचो. तो पाण्याची टाकी आहे! १८९९ चा, ६७ मीटर उंच. फावोरिटेन उंचावर, पाणी चढत नव्हतं, म्हणून पंपाने वर चढवून इथून द्यायचे. आणि पुढे दहा-अकरा वर्षांत त्याची गरजच संपली, कारण १९१० मध्ये डोंगरातून दुसरी वाहिनी आली आणि तिचं पाणी आपोआप इथपर्यंत पोचायला लागलं.

आपोआप हा शब्द माझ्या खात्यातल्या माणसाला किती मोठा आहे ते तुला लहानपणापासून माहीत आहे. रात्री दोनला फोन यायचा, पंप बंद पडलाय. वीज गेली की अर्ध्या शहराचं पाणी गेलं. व्हिएन्नाचं पिण्याचं पाणी जवळजवळ सगळं आल्प्सच्या झऱ्यांचं आहे आणि ते निव्वळ उताराने शहरात येतं. पहिल्या वाहिनीचं पाणी साधारण एका दिवसात पोचतं, दुसरीचं दीड दिवसात. वाटेत जी उंची जास्तीची आहे तिच्यावर ते वीजही करून घेतात.

यामागचा माणूस एदुआर्ड झ्यूस. भूगर्भशास्त्रज्ञ. गोंडवनालँड हे प्राचीन महाखंडाचं नाव यांनीच रूढ केलं, ते आपल्याकडच्या गोंडांच्या मुलखावरून, म्हणजे आपले चंद्रपूर-गडचिरोलीवाले त्यात आले. १८६२ मध्ये त्यांनी व्हिएन्नाच्या जमिनीवर पुस्तक लिहिलं आणि दाखवून दिलं की स्मशानांतून, शोषखड्ड्यांतून झिरपलेलं पाणी लोकांच्या विहिरींत उतरतंय आणि त्यातून विषमज्वर पसरतोय. एवढं लिहून ते थांबले नाहीत. नगरसेवक झाले आणि शंभर किलोमीटरच्या आसपास लांबून झऱ्याचं पाणी आणायची योजना लावून धरली. खर्चाला भिणारे, डॅन्यूबचं पाणी गाळून वापरा म्हणणारे पुष्कळ होते. २४ ऑक्टोबर १८७३ ला श्वार्त्सेनबेर्गप्लात्सच्या कारंज्यात ते पाणी उडालं. त्याच वर्षी शहरात जागतिक प्रदर्शन भरलं होतं आणि त्याच वर्षी पटकीची साथ होती. तो तुझा कॉन्व्होकेशनचा फोटो आहे ना, तू, मी, बाबा आणि मागे उंच फवारा? तेच कारंजं.

आम्ही उगमापर्यंत गेलो. रेल्वेने पायरबाख, पुढे बसने कायझरब्रुन. दरीत श्वार्त्सा नदी हिरव्या काचेसारखी, वर २,०७६ मीटरचा श्नेबेर्ग. पाऊस आणि बर्फ त्या चुनखडीच्या डोंगरात मुरतं आणि पायथ्याशी थंडगार होऊन बाहेर येतं. तिथे छोटं संग्रहालय आहे, आणि वाहिनीच्या कडेने डोंगरातून पायवाट. मी हात लावून पाहिलेलं ते जुनं बांधकाम, त्याचा उतार, त्याची तपासणीची दारं… मला माझ्या खात्यातल्या सगळ्यांना तिथे न्यावंसं वाटलं, विशेषतः व्हॉल्व्हमन लोकांना. मला सर्वांत भावलं ते वेगळंच. झऱ्यांच्या वरचा राखीव डोंगराळ, जंगली मुलूख व्हिएन्ना शहराच्या स्वतःच्या क्षेत्रफळाहून मोठा आहे. पाणी हवं तर नळाची नाही, आधी जंगलाची काळजी घ्यायची, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळलं. आणि २००१ पासून हा पाणीपुरवठा खाजगी हातात देता येऊ नये अशी तरतूद शहराने आपल्या घटनेतच केलीय.

परत येताना म्योडलिंगला उतरून वाहिनीच्या कमानी पाहिल्या. संध्याकाळी कॉफीहाउसमध्ये मेलांज या दुधाळ कॉफीबरोबर नेहमीसारखा पाण्याचा पेला आला, वर चमचा आडवा ठेवलेला. आधी मी तो पेला बाजूला सारायचे. या वेळी कॉफी निवली.

डॅन्यूबचं थोडक्यात सांगते, नाहीतर बाबा म्हणतील पत्र संपतच नाही. आपण सायकली घेऊन जायचो ते लांबलचक बेट नदीने केलेलं नाही. पुरासाठी २१ किलोमीटरची नवी नदी खणली, १९७२ ते १९८८, आणि त्या मातीचं बेट झालं. गेल्या काही वर्षांतला मोठा पूर २०२४ च्या सप्टेंबरचा. व्हीन नदी, जी एरवी दगडी पात्रात करंगळीएवढी वाहते, ती मेट्रोच्या रुळांपर्यंत चढली, पण डॅन्यूबचं पाणी या नव्या पात्राने पोटात घेतलं. पानशेतचा पूर माझ्या जन्माआधीचा, पण तुझ्या पणजीचं शनिवार पेठेतलं घर त्यात गेलं, म्हणून असल्या गोष्टी मी थांबून बघते.

तुझ्याशिवाय त्या शहरात करमेल का, अशी धाकधूक घेऊन गेले होते. तुझ्या खिडकीखालून रोज गेले, वर नवा पडदा होता, वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण तू ज्या नळाचं पाणी प्यायलास, ज्या तलावात पोहलास, ज्या मंडईतून तुझी भाजी आली, ते सगळं कोणीतरी कोणासाठी तरी भांडून मिळवलेलं होतं, आणि तुला, एका परक्या देशाच्या पोराला, ते न विचारता मिळालं. त्या माणसांची नावं मला आता माहीत आहेत. तुलाही माहीत असावीत.

डिसेंबरमध्ये तुम्ही येताय तर दोन दिवस माझ्यासाठी राखून ठेवा. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत उताराने पाणी आणलं, त्या जमिनीखालच्या नळाचे उच्छ्वास, म्हणजे हवा सोडणारे मनोरे, आणि पेठांतले हौद मला मुग्धाला दाखवायचे आहेत. माझ्याबरोबर काम केलेले एक निवृत्त मिस्त्री येतो म्हणालेत. त्या नळाची माहिती त्यांच्याइतकी मलाही नाही. चालण्याचे बूट आणा, आणि मुग्धाला सांग, गोडा मसाला या वेळी दुप्पट करून ठेवते.

तुझी,
आई