डब्ल्यू अँड ओडी ट्रेलवरच्या अनोळखी मंडळींचे आभार

रविवारी सकाळी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन (डब्ल्यू अँड ओडी) या बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर केलेल्या चालण्या-सायकलच्या वाटेवर, हर्नडनच्या जुन्या स्टेशनाच्या अलीकडे धावताना माझा पाय मुरगळला आणि मी आडवा झालो. मदतीला आलेल्यांची नावं विचारायचं भानच राहिलं नाही, म्हणून हे जाहीर आभार.

"आई गं!" ऐकून मागे वळलेले काका, "मराठी का तुम्ही?" असं म्हणत तुम्ही आधी ट्रेलच्या कडेचा मैलाचा खांब शोधलात आणि त्यावरचा आकडा माझ्या बायकोला फोनवर सांगितलात. हे मला सुचलं नसतं. एका सायकलस्वार बाईंनी बर्फाळ पाण्याची बाटली घोट्याला धरून ठेवली. दुसरा तरुण मागून सुसाट येणाऱ्या सायकलींना हात दाखवत उभा राहिला. (रविवारी तिथे काय गर्दी असते, धावणाऱ्यांना वेगळं सांगायला नको!) गाडी ट्रेलवर येत नाही, म्हणून दोघांनी खांदा देऊन मला रस्त्यापर्यंत आणलं. चढ-उतार फारसा नव्हता, ही रेल्वेची कृपा.

1968 साली ही रेल्वे बंद पडली. तिच्या जागेवर शर्लिंग्टन ते पर्सेलव्हिल असा 45 मैलांचा डांबरी मार्ग 1988 मध्ये पुरा झाला. त्यासाठी खपलेल्यांनाही नमस्कार.

हाड शाबूत आहे, नुसती लचक. काका, तुमचा निळा नॅपकीन धुऊन ठेवलाय. चहाला या आणि घेऊन जा.