६०० ची लेन्स घरात वापरायची असते हे आम्हाला माहीतच नव्हतं

प्रति,
सर्व्हिस विभागात जे कोणी सगळ्यात वरचे साहेब असतील ते

विषय: ४५ दिवस तुमच्याकडे पडून असलेली माझी लेन्स आणि आज दुपारचा फोन

फोन ठेवून तास झालाय, डोकं अजून शांत नाहीये, त्यामुळे भाषा थोडी इकडेतिकडे होईल, सांभाळून घ्या. लेन्स कोणती, जॉबशीट नंबर काय, वॉरंटी कधीपर्यंत, हे सगळं तुमच्या स्क्रीनवर दिसतंच, दर फोनला मलाच परत विचारतात ती गोष्ट वेगळी. थोडक्यात, ६०० ची लेन्स (६०० मिमी, लांबचे पक्षी-प्राणी टिपायची) फेब्रुवारी २०२५ मध्ये पक्क्या बिलावर घेतली, २ वर्षांची वॉरंटी, शेवटचे हप्ते अजून चालू आहेत.

१४ सप्टेंबरला रविवारी सकाळी सासवडच्या पुढच्या माळरानावर होतो. ऊन छान, कोरडी हवा. खोकड बिळाबाहेर येऊन बसलं होतं, पळत नव्हतं, उडत नव्हतं, नुसतं बसलेलं, आणि तुमची लेन्स त्याच्यावर फोकस धरेना. विहिरीवरच्या रहाटासारखी पुढे मागे पुढे मागे. हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर चालू केला की व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उड्या मारतंय. फोकसचं अंतर बांधून देणारा लिमिटर लावून बघितला, कॉन्टॅक्ट पुसले, मित्राच्या कॅमेरा बॉडीवर लावून बघितली, तेच. १५ तारखेला तुम्हाला फोन केला, तुम्ही म्हणालात फर्मवेअर अपडेट करा. केलं. काही फरक नाही.

ही १५ तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२१ तारखेला कासला गेलो कारण बुकिंग आधीच केलेलं होतं. आता कासला फुलं सोडून ६०० कशाला नेली असं तुमचा इंजिनिअर विचारेल, तर तिथे मलबारी चंडोल दगडावर बसून शीळ घालतो, त्याच्यासाठी नेली होती. थोडी भुरभुर आली, कासला सप्टेंबरात येतेच. रेनकव्हर होतं, पाच मिनिटांत लेन्स बॅगेत गेली. घरी आल्यावर ड्राय कॅबिनेटमध्ये. ही लेन्स घेताना तुमच्याच माहितीपत्रकात रबरी सीलचं चित्र बाण दाखवून छापलेलं होतं आणि खाली धूळ व तुषारांपासून संरक्षण असं लिहिलेलं होतं. वेदर रेझिस्टंट म्हणजे वॉटरप्रूफ नाही हे मला माहितीये, तीन वेगवेगळ्या लोकांनी तीन वेळा समजावलंय. मी ती नदीत बुडवली नव्हती हो.

२३ तारखेला लेन्स तुमच्या काउंटरवर दिली. मुलाने विचारलं पावसात वापरली का, मी प्रामाणिकपणे सांगितलं की परवा कासला थोडी भुरभुर होती. चूक झाली. खोटं बोललो असतो तर आज फुकट दुरुस्त झाली असती बहुतेक. ७ ते १० वर्किंग डेज म्हणाले.

मग एस्टिमेट आलं. मॉइश्चर इनग्रेस, म्हणजे आत ओलावा शिरलाय, वॉरंटी लागू नाही, ३८,४०० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ४५,३१२ रुपये. दुरुस्ती नको असेल तर तपासणी चार्ज १,७७० भरून लेन्स तशीच घेऊन जा. अहो, तक्रार १५ तारखेची आणि भुरभुर २१ तारखेची! पाणी आत शिरायच्या सहा दिवस आधी पाण्यामुळे लेन्स बिघडली? हे मी मेलवर लिहिलं, चारदा लिहिलं, चारही वेळा 'युवर कन्सर्न इज इम्पॉर्टंट टू अस' असं उत्तर आलं, खाली नाव नाही, नंबर नाही.

आता आजचा फोन. हा मी शब्दन् शब्द लिहितोय कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असतं असं सुरुवातीलाच मशीन सांगते, तर काढून ऐकाच.

बावीस मिनिटं ती ट्यून ऐकल्यावर एक मॅडम आल्या. मॅडमचा आवाज गोड, त्यांच्यावर माझा राग नाही, समोर जे लिहून दिलंय ते त्या वाचतात. म्हणाल्या, "सर, इंजिनिअरच्या रिपोर्टनुसार प्रॉडक्ट आउटडोअर कंडिशनमध्ये युज झालेलं आहे." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, "मॅडम, ६०० ची लेन्स आहे, ती आउटडोअरच वापरतात." तर "हो सर, पण आउटडोअर युजमध्ये मॉइश्चरची शक्यता असते." म्हटलं, "मग कुठे वापरायची?" थोडा वेळ कीबोर्डचा आवाज. "सर, इनडोअरपण युज करू शकता." इनडोअर काय काढू? "फॅमिली फंक्शन्स, सर."

फॅमिली फंक्शन्स!

साहेब, तुमच्या लेन्सला फोकस धरायला समोरचा किमान पावणेतीन मीटरवर लागतो, आमचा हॉल सव्वातीन मीटरचा आहे. मी भिंतीला पाठ टेकवून उभा राहिलो तरी फ्रेममध्ये आत्याच्या नाकावरचा तीळ येईल, आत्या येणार नाही. बारशाला ट्रायपॉड आणि गिंबल लावून बसू का? मी विचारलं, मॅडम तुमच्या जाहिरातीत ही लेन्स घेऊन माणूस चिखलात पालथा पडलेला दाखवलाय, तो कोणाच्या हॉलमध्ये पडलाय? त्या म्हणाल्या, "सर, मी तुमचा फीडबॅक नोट केलाय, अजून काही मदत करू शकते का?" अजून म्हणजे? आधी कुठली केली? फोन ठेवल्या ठेवल्या एसएमएस, आमच्या सेवेला ५ पैकी किती स्टार द्याल.

तुम्हाला हे ४५ दिवस म्हणजे फाइलवरचा आकडा वाटत असेल. माझ्यासाठी हे ४५ दिवस म्हणजे वर्ष आहे. मी नोकरी करणारा माणूस, रविवारचा फोटोग्राफर. पाऊस ओसरला की हवा धुतलेली असते, धूळ बसलेली, सह्याद्रीच्या मागच्या रांगापण एकामागे एक सुट्ट्या दिसतात, गवत हिरव्यातून सोनेरी व्हायला लागतं, आणि सकाळी सव्वासहा ते साडेआठ असा काय उजेड मिळतो की मोबाइलवाल्याचापण फोटो चांगला येतो. नऊनंतर ऑक्टोबर हीट, जमिनीवरून वाफा, लांबचं सगळं थरथरतं, बॅग भरून मिसळ खायची. (एका मेलमध्ये तुम्ही फोकसचा दोष या उष्णतेच्या लहरींवरपण ढकलून पाहिलात. खोकडाचे फोटो सकाळी ६:४८ चे आहेत, फाइलमध्ये वेळ असते, तुमच्याच कॅमेऱ्याने टाकलेली.) दिवाळी झाली की गवत वाळतं, धुरकट हवा सुरू होते. ही एवढीच खिडकी.

ताडोबाचा कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, १ ऑक्टोबरला उघडतो, पावसाळ्याचे तीन महिने बंद असतो. ४ तारखेची मोहर्ली गेटची सफारी कधीची बुक होती, पैसे परत मिळत नाहीत. तेव्हा तिथे गवत पुरुषभर वाढलेलं असतं, वाघ दिसणं नशीब. माझं नशीब निघालं, वाघीण बसलेली, साठ मीटरवर, गवतातून फक्त कान आणि एक डोळा, मागे सगळं हिरवंगार, उन्हाळ्यात असं बॅकग्राउंड जन्मात मिळत नाही. जिप्सीतले बाकीचे धडाधड शटर मारतायत आणि मी कॅमेऱ्यासोबत मिळालेली छोटी किट लेन्स घेऊन बसलोय. माझ्या फोटोत गवत आहे. गवताचा फोटो चांगला आलाय.

मग हॅरियर. मध्य आशियातून हा पक्षी हजारो किलोमीटर उडून आमच्या माळरानावर येतो, गवतावरून दोन हात उंचीवर तरंगत नाकतोडे टिपतो, संध्याकाळी जमिनीवरच मुक्कामाला उतरतो. तो वेळेवर आला. तुमची लेन्स पुण्यातल्या पुण्यात ४५ दिवसांत काउंटरपासून माझ्या घरी येऊ शकली नाही. दुर्बिणीतून बघितले, बायको म्हणाली डोळ्यांनी बघितलंस ना मग झालं. तिला काय सांगू.

२००९ पासून तुमचेच कॅमेरे वापरतोय. आमच्या ग्रुपमधल्या चौघांनी माझ्या सांगण्यावरून तुमचा ब्रँड घेतला, आता चौघंही मला खिजवतात. कंपनी बदलायची तर बॉडीपासून सगळं विकावं लागेल, हे तुम्हालाही माहितीये, म्हणूनच असं बोलता बहुतेक.

तर आता ऐका. लेन्स वॉरंटीत दुरुस्त करा, एक रुपया न घेता, किंवा बदलून द्या. १५ सप्टेंबरच्या कॉलची नोंद काढा, कारण तक्रार १५ ची आहे आणि भुरभुर २१ ची, हे मी परत परत लिहितोय कारण परत परत कोणी वाचत नाहीये. १५ दिवसांत लेखी उत्तर नाही आलं तर आधी १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला, आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या कायद्याने मी राहतो त्या जिल्ह्यातच केस टाकता येते आणि ५ लाखांपर्यंत फीसुद्धा नाही. रविवार मोकळेच आहेत सध्या, कागद तयार करायला वेळच वेळ.

आणि एक. एस्टिमेटसोबत पुरावा म्हणून तुम्ही जो फोटो पाठवलात त्यात माझी लेन्स टेबलावर आडवी पडलीये, पुढची कॅप नाही, मागची कॅप नाही, आणि शेजारी अर्धा भरलेला चहाचा ग्लास आहे. मॉइश्चरबद्दल तुमच्या इंजिनिअरशी मलाही थोडं बोलायचंय. जॉबशीटवर दोन्ही कॅप, हूड आणि ट्रायपॉड कॉलर लिहिलेलं आहे. चारही वस्तू परत हव्यात.

जॉबशीटवर ज्याचं नाव आहे तो,
पुणे, ७ नोव्हेंबर २०२५