डिले पेडलची तुलना आणि लयीचा हिशेब

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या आठवड्यात गिटारसाठीच्या महागड्या डिजिटल डिले पेडलची (वाजवलेला स्वर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणाऱ्या, पायाने चालवायच्या यंत्रांची) तुलना करणारा लेख प्रसिद्ध झाला. मी गेली २२ वर्षे पुण्यात आणि आसपासच्या गावांत वाद्यवृंदांतून व भावगीतांच्या कार्यक्रमांतून गिटार वाजवतो, त्यामुळे मराठी वृत्तपत्रात या विषयाला अर्धे पान मिळाल्याचा आनंद मला इतर वाचकांपेक्षा थोडा जास्तच झाला. मात्र लेखातील तक्ता पाहून तो आनंद बराचसा ओसरला, आणि तक्त्याखालच्या एका वाक्याने तर काळजीच वाटली. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लेखकाने स्ट्रायमनचे टाइमलाइन, इव्हेंटाइडचे टाइमफॅक्टर आणि बॉसचे डीडी-५०० ही तीन पेडल निवडली आहेत. निवड योग्यच आहे, कारण टाइमफॅक्टर २००८ च्या सुमारास, टाइमलाइन २०११ मध्ये आणि डीडी-५०० २०१५ मध्ये बाजारात आले, आणि तेव्हापासून या किमतीत कोणतेही नवे डिले पेडल आले तरी त्याची तुलना याच तिघांशी होते. पण लेखातील गुण दिले आहेत ते मोजणीवर. टाइमलाइनमध्ये डिलेचे १२ प्रकार, टाइमफॅक्टरमध्ये लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत ठेवणारा प्रकार) धरून १०, डीडी-५०० मध्ये १२. जतन करता येणारे आवाज, म्हणजे पेडलच्या ‘आठवणी’, अनुक्रमे २००, १०० आणि २९७. म्हणून डीडी-५०० पहिले. हा न्याय लावला, तर ज्या हॉटेलचे मेनूकार्ड जाड तिथली भाजी चांगली असे म्हणावे लागेल.

डिले म्हणजे नेमके काय, याबद्दलही लेखात थोडा घोटाळा झाला आहे. डिले आणि रिव्हर्ब या दोहोंसाठी लेखकाने ‘घुमारा’ हा एकच शब्द वापरला आहे. देवळाच्या गाभाऱ्यात ओंकार म्हटल्यावर जो भरून राहतो तो घुमारा, म्हणजे रिव्हर्ब. तिथे असंख्य परावर्तने एकमेकांत मिसळलेली असतात आणि त्यांतले कोणतेही वेगळे काढता येत नाही. माथेरानच्या एको पॉइंटवर हाक मारल्यावर काही क्षणांनी तीच हाक सुटी, ओळखता येईल अशी परत येते, तो डिले. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे अर्ध्या सेकंदाने हाक परत आली तर कडा सुमारे ८५ मीटरवर आहे असे समजावे. पेडलवरचा वेळेचा नॉब फिरवणे म्हणजे हा कडा पुढेमागे सरकवणे होय. परत येणारी हाक सुटी ऐकू येते म्हणूनच ती लयीत आहे की नाही हा प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या मते या पेडलची सगळी परीक्षा तिथेच आहे.

मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते. डिले पाऊण मात्रेवर, म्हणजे ३७५ मिलिसेकंदांवर ठेवला आणि आपण मात्रेला दोन स्वर या हिशेबाने वाजवत गेलो, की प्रत्येक परतलेला स्वर आपण मोकळ्या सोडलेल्या पाव मात्रेच्या जागी येऊन बसतो. वाजवणारा मात्रेला दोनच स्वर वाजवतो आणि ऐकणाऱ्याला चार ऐकू येतात. यू-टू या आयरिश बँडचा गिटारवादक द एज याने याच युक्तीवर आपली सगळी शैली उभी केली आणि त्यासाठी त्याने कॉर्गचे एसडीडी-३००० हे रॅकमधले (उभ्या चौकटीत बसवायचे) डिले यंत्र वापरले. त्याच्या साथीला असलेली लय मात्र ठरलेल्या ठोक्यावर चालणारी होती. आमच्या साथीला ढोलकी असते.

एक प्रसंग सांगतो. मिनिटाला ९६ मात्रांच्या केरव्यात गाणे सुरू झाले. त्या लयीत पाऊण मात्रा ४६९ मिलिसेकंदांची होते आणि डिले मी दुपारच्या साउंड चेकलाच तिथे लावून ठेवला होता. दुसऱ्या अंतऱ्यानंतर टाळ्या पडू लागल्या, ढोलकीवाले दादा खुशीत आले आणि कोणाच्या लक्षात येण्याआधी लय १०४ वर गेली. तिथे पाऊण मात्रा ४३३ मिलिसेकंदांची. फरक अवघा ३६ मिलिसेकंदांचा दिसतो, पण तो दर पुनरावर्तनाला वाढत जातो. पहिला परतलेला स्वर ३६ ने मागे, दुसरा ७२ ने, तिसरा १०८ ने. त्या लयीत पाव मात्राच १४४ मिलिसेकंदांची असल्यामुळे दुसरा स्वर दोन पाव मात्रांच्या अगदी मधोमध पडत होता, म्हणजे लयीत त्याला कुठेच जागा नव्हती. ढोलकीवाल्या दादांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच लय सोडली होती. त्या पेडलमध्ये किती प्रकार आणि किती आठवणी आहेत हे त्या क्षणी मला आठवले नाही. पायाखाली लय टिपण्याचे बटण कुठे आहे, एवढेच मी शोधत होतो.

या कसोटीवर तिन्ही पेडल फार वेगळी ठरतात. तिघांनाही पायाची तीन बटणे आहेत. टाइमलाइनची दोन बटणे दोन जतन केलेल्या आवाजांसाठी आणि तिसरे कायम लय टिपण्यासाठी राखलेले आहे. त्यावर मात्रेला पाय मारला की पूर्ण, पाऊण, अर्धी, तिहाई किंवा पाव मात्रा यांपैकी जे आधी ठरवले असेल त्यावर डिले येऊन बसतो. टाइमफॅक्टरमध्ये उजवे बटण एका पद्धतीत आवाजांची बँक (जतन केलेल्या आवाजांचा गट) बदलते आणि दुसऱ्या पद्धतीत लय टिपते, त्यामुळे आवाजही बदलायचा आणि लयही टिपायची तर आपण सध्या कोणत्या पद्धतीत आहोत याचे भान ठेवावे लागते. बाहेरून जादा बटणे जोडण्याची सोय त्यात आहे आणि मंचावर वाजवणाऱ्याने ती करून घ्यावी. डीडी-५०० मधील तिसरे बटण आपल्याला हवे ते काम लावून देता येते. ही सोय चांगलीच आहे, पण माझ्या एका विद्यार्थ्याने ते भलत्याच कामाला लावून ठेवले होते आणि भर कार्यक्रमात लय टिपायला पाय मारल्यावर त्याच्या गिटारमधून जे निघाले, त्याला निवेदकाने ‘फ्यूजन’ असे नाव देऊन वेळ मारून नेली.

लय टिपल्यावर आधी हवेत असलेल्या स्वरांचे काय होते, ही याहून सूक्ष्म गोष्ट आहे आणि लेखात तिचा उल्लेखच नाही. स्वर टेपवर मुद्रित करून परत ऐकवणाऱ्या जुन्या एको यंत्रांत, म्हणजे रोलंडच्या १९७४ च्या आरई-२०१ सारख्या यंत्रांत, टेपचा वेग बदलून वेळ बदलली की परतणाऱ्या स्वरांचा सूरही वरखाली सरकत असे. टेपची नक्कल करणाऱ्या प्रकारांत आजही हेच होते. लय वाढवताना पाय मारला की मागचे स्वर क्षणभर चढतात. पाश्चात्त्य गिटारवादकांना हे आवडते आणि एरवी मलाही आवडते, पण गायिका षड्जावर स्थिर उभी असताना मागून अर्धा स्वर चढलेला षड्ज ऐकू येणे बरे नव्हे. टाइमफॅक्टरच्या साध्या डिजिटल प्रकारात जुनी वेळ हळूच विझवून नवी वेळ उजळवली जाते आणि हा बदल किती संथ व्हावा यासाठी स्वतंत्र नॉब दिलेला आहे. लय बदलत राहणाऱ्या आपल्या संगीतासाठी ही एक सोय मला शंभर आठवणींच्या वर वाटते. शिवाय त्यात प्रत्येकी तीन सेकंदांपर्यंतचे दोन स्वतंत्र डिले एकाच वेळी चालतात. एक पूर्ण मात्रेवर आणि एक पाऊण मात्रेवर ठेवला, तर केरव्यात गिटारचा एक साधा आलापही भरगच्च वाटतो.

भावगीतांत अडचण लयीपेक्षा सुराची असते. स्लाइडवर किंवा तार ओढून मींड घेतली की आपण पुढच्या स्वरावर पोहोचतो आणि मागचा स्वर डिलेमधून अजून परतत असतो. कोमल ऋषभावरून षड्जावर येऊन थांबावे आणि षड्जाच्या शांततेत तो ऋषभ दोनतीनदा घासून जावा, असा अनुभव मी सुरुवातीच्या काळात अनेकदा श्रोत्यांना दिला आहे, त्याबद्दल क्षमस्व. यावर उपाय टाइमलाइनमध्येही आहे आणि टाइमफॅक्टरमध्येही आहे. वाजवणे चालू असेपर्यंत परतणारे स्वर दबलेले राहतात आणि आपण थांबलो की वर येतात, असा एक खास प्रकार दोघांनीही दिला आहे. लेखातील तक्त्यात तो ‘इतर’ या रकान्यात बसवला आहे! गायकाच्या साथीला वाजवणाऱ्याने पेडल विकत घेताना मला विचाराल तर सर्वांत आधी हाच प्रकार ऐकून पाहावा. आणि परतणारे स्वर गायकाच्या मागे राहावेत असे वाटत असेल तर स्वच्छ डिजिटल प्रकारापेक्षा जुन्या ॲनालॉग चिपची नक्कल करणारा प्रकार निवडावा. त्या चिपमध्ये आवाज हजारो लहान घरांतून, बादलीतले पाणी हातोहात पुढे द्यावे तसा, एका घरातून दुसऱ्यात ओतला जाई. त्यात वरचा झगझगीतपणा गळून जाई आणि म्हणून ती पुनरावर्तने शब्दांच्या आड येत नसत.

पेडल आवाज किती बारकाईने आकड्यांत मोजते हे सांगणाऱ्या ‘३२ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ’ या आकड्यांना लेखात ठळक अक्षरे मिळाली आहेत. गिटारच्या ॲम्प्लिफायरचा स्पीकर पाच-सहा किलोहर्ट्‌झच्या वर फारसे काही बाहेर सोडत नाही, एवढेच सांगून मी हा मुद्दा सोडतो. याउलट टाइमलाइनमध्ये गिटारचा मूळ आवाज आकड्यांत रूपांतरित न होता ॲनालॉग वाटेनेच पुढे जातो आणि डिले फक्त त्यात मिसळला जातो, ही खरोखर कानाला आणि बोटांना जाणवणारी गोष्ट एका ओळीचीही धनी झाली नाही. डिजिटल डिले ही ‘अलीकडची क्रांती’ असल्याचे विधानही बरोबर नाही. बॉसचे डीडी-२ हे पायाने चालवायचे छोटे डिजिटल डिले १९८३ मध्ये आले, त्यात १२ बिटांवर जास्तीत जास्त ८०० मिलिसेकंद मिळत, आणि त्याच डीडी-२ च्या आवाजाची नक्कल आज डीडी-५०० मध्ये मुद्दाम भरलेली आहे. म्हणजे ३२ बिटांची सगळी ताकद लावून लोक १२ बिटांचा आवाज काढत बसले आहेत, आणि मी त्यांना दोष देणार नाही, कारण मीही तेच करतो.

आठवणींच्या संख्येबद्दल एवढेच, की माझ्या टाइमलाइनमधील २०० पैकी मी सहा वापरतो. त्यांतली दोन एकसारखीच आहेत. कोणती कुठे जतन केली हे एकदा विसरलो होतो.

आता त्या काळजी वाटलेल्या वाक्याकडे येतो. ‘तिन्ही पेडल कोणत्याही साध्या नऊ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात’ असे लेखात छापले आहे. तसे नाही. डीडी-५०० आणि टाइमलाइन यांच्या पिनचा मधला भाग ऋण असतो, तर टाइमफॅक्टरच्या पिनचा मधला भाग धन असतो आणि त्याची पिनही जाडीला वेगळी आहे. त्यामुळे पहिल्या दोघांचा अडॅप्टर टाइमफॅक्टरला आणि टाइमफॅक्टरचा त्या दोघांना चालत नाही. पिन बदलण्याची जोडणी लावून कोणी तो जबरदस्तीने चालवू पाहील, तर पेडल जळण्याचा धोका आहे. विजेची भूकही सारखी नाही. डीडी-५०० ला सुमारे २०० मिलिअँपिअर, टाइमलाइनला किमान ३०० आणि टाइमफॅक्टरला ५०० लागतात. साधी एकच वायर चार पेडलना जोडणारा स्वस्त अडॅप्टर मी स्वतः एकदा वापरला होता. मंडपातील दिव्यांची माळ लागली, व्होल्टेज उतरले आणि एका गाण्यात डिले तीन वेळा बंद होऊन पुन्हा सुरू झाला. त्यात पेडलचा दोष काहीच नव्हता, कंजूषपणा माझा होता. गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांची तयारी आता सुरू होईल आणि आपला लेख कापून ठेवून खरेदीला जाणारी मुले मला माझ्या वर्गातच दिसतात. तेव्हा निदान अडॅप्टरच्या पिनेविषयीची एवढी दुरुस्ती येत्या रविवारच्या आत आपण छापावी, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक आणि गिटारवादक, पुणे