बाबा, नववी आली. आई, पुढचं तू वाच

प्रिय आई अन् बाबा,

बाबा, तुमच्यासाठी आधी आकडा, नाहीतर तुम्ही शेवटच्या ओळीपासून वाचायला लागाल. इथे मलेशियात फॉर्म्युला फोरच्या कार रेसमध्ये शनिवारी बारावी, रविवारी नववी. नवव्या नंबरला दोन पॉइंट असतात. झालं, आता कागद आईला द्या.

आई, दादा सांगत होता की रेसच्या वेळी तू टीव्हीवर लाइव्ह लावूच दिलं नाही, आधी देवघरात बसली अन् मग घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिली. फोनवर तू जेवली का अन् लागलं तर नाही ना एवढंच विचारते, पुढचं सांगायला गेलं की रडते, म्हणून हे सगळं लिहून राहिली आहे. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलं आहे, चष्मा शोधायचं कारण देऊ नको.

जेवणाचं आधी. इथे रोटी चनाय सगळीकडे भेटते, म्हणजे पदर सुटलेला पराठाच, सोबत डाळ, इथल्या तामिळ लोकांची आहे, मी सकाळी तीच खाते. तुझा चिवडा टीमच्या मेकॅनिकांनी पहिल्याच दिवशी संपवला. अन् तू सारखी म्हणते ना वाळून गेली पोरगी, तर ऐक, फॉर्म्युला फोरमध्ये, म्हणजे आमच्या ह्या एका सीटच्या रेसिंग गाड्यांत, गाडीचं अन् ड्रायव्हरचं वजन मिळून मोजतात, कमीत कमी एवढं पाहिजे म्हणजे पाहिजेच, माझं कमी पडतं म्हणून गाडीत वजनाच्या प्लेटा बोल्टने आवळाव्या लागतात. रेस संपली की घामाने भिजलेल्या अवस्थेत हेल्मेटसकट काट्यावर उभं करतात. म्हणजे माझ्या वजनाची काळजी तुझ्याहून जास्त करणारे लोक इथे आहेत.

बाबा, हे तुमच्यासाठी (दे आई त्यांना दोन मिनिटं). गुरुवारी स्क्रूटिनी झाली, म्हणजे रेसआधी गाडीची अन् सामानाची तपासणी, तुम्ही असते तर तिथून हललेच नसते. हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही एसटीचे नट स्वतः हात लावून तपासायचे, ड्रायव्हरच्या सहीवर विश्वास ठेवायचे नाही, तसलीच माणसं आहेत ही. सीटच्या पट्ट्यांवरसुद्धा एक्सपायरी डेट असते, ती गेली की पट्टा नवाकोरा दिसत असला तरी बाद. हेल्मेट, सूट, आतले आग न धरणारे कपडे, मानेला झटका बसू नये म्हणून खांद्यावर घालतात ते हॅन्स, सगळ्यांची लेबलं पाहिली. लायसन्स अन् आपल्या फेडरेशनचं परवानगीपत्र मी प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवलं होतं, तुम्ही शिकवलं तसं, झेरॉक्स वेगळी. डोक्यावर जी कमान असते ना, हेलो, एफ-वनमध्ये (फॉर्म्युला वन, सगळ्यात वरची रेस) ती साधारण 12 टनांचा भार सोसेल अशी असते, 12 टन म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आमच्याही गाडीला हेलो आहे. आई, धोका नाहीच असं मी म्हणणार नाही, तू मूर्ख नाहीस. पण ह्या खेळात धोक्यावर बसून विचार करणारी माणसं पगारावर ठेवलेली आहेत, तेवढं तरी वर्धा रोडवर कुठे आहे.

आता ट्रॅक. सेपांग, क्वालालंपूरच्या एअरपोर्टजवळच आहे. 5.543 किलोमीटरचा एक लॅप, 15 वळणं, कोइम्बतूरचा आपला कारी ट्रॅक दोन किलोमीटरच्या थोडा वर, म्हणजे पहिल्या दिवशी मला हा लॅप संपतच नाही असं वाटत होतं. 1999 पासून 2017 पर्यंत इथे एफ-वन होत होती. 2005 ला नारायण कार्तिकेयन, आपला पहिला एफ-वन ड्रायव्हर, इथेच जॉर्डन टीमच्या पिवळ्या गाडीत धावला, बाबा, तुम्ही पेपरातलं कात्रण कपाटाला चिकटवलं होतं ते ह्याच वर्षाचं.

मला वाटलं होतं नागपूरच्या पोरीला गरमीचं काय, पंचेचाळीस डिग्रीत आपण क्लासला जातो. पण बाप्पा, इथे तेहतीसच असते अन् जीव जातो, कारण हवा इतकी ओली की घाम वाळतच नाही, अन् घाम वाळला नाही तर अंग थंड होणार कसं. आपल्याकडे कूलर चालतो, इथे कूलर लावला तर खोलीत नुसती भाजी उकडेल. त्यात सूट, त्यात पॉवर स्टेअरिंग नाही, हात भरून येतात.

शनिवारचं थोडक्यात: पहिल्याच वळणावर मागून एकाचा धक्का लागला, मागे पडले, मग हळूहळू बारावी. लागलं नाही. कुठेच नाही.

रविवार मात्र सविस्तर सांगते, तोच तू पाहायला पाहिजे होता. दुपारी ढग आले. इथला पाऊस रिमझिम वगैरे भानगड करत नाही, एकदम बादली उलटी, 2009 ला एफ-वनची रेस ह्याच पावसाने अर्ध्यात बंद पाडली होती अन् अर्धेच पॉइंट वाटले होते. आमची सुरू होताना पाऊस कमी झाला होता पण ट्रॅक पूर्ण ओला, सगळ्यांनी पावसाचे टायर लावले. तर आई, कोरड्या ट्रॅकवर सगळे एकाच रेषेत चालवतात, त्या रेषेवर टायरचं रबर घासून घासून बसतं अन् पकड भेटते. पण तेच रबर ओलं झालं की साबण. ओल्यात त्या सवयीच्या रेषेवरून बाहेर पडून खडबडीत डांबर शोधावं लागतं, दिसायला येड्यासारखं दिसतं, वळणाच्या भलत्याच बाजूने. कोइम्बतूरला पावसात बाकी पोरं गाडी झाकून चहाला जायची तेव्हा कोचने मला बाहेर काढलं होतं, अन् मी त्यांना मनात काय काय बोलले होते ते जाऊ दे.

पुढच्या गाडीचं पाणी इतकं उडतं की फक्त तिचा मागचा लाल दिवा दिसतो, ब्रेक कुठे मारायचा ते सांगणारे बोर्ड दिसतच नाहीत. मागच्या सरळ रस्त्यानंतर शेवटचं वळण आहे, तिथे दोघं जण आतल्या रेषेवर सरकले, मी बाहेरून. मग अजून एक. मग एकाची गाडी फिरली. नववी आले तेव्हा मला माहीतच नव्हतं, रेडिओवर इंजिनियर ओरडला म्हणून कळलं.

बाबा, माझ्या रेसिंगपायी गेलेल्या बेस्याच्या प्लॉटचं तुम्ही बोलत नाही, मीही फोनवर बोलत नाही. काकांनी लग्नात सगळ्यांसमोर जे म्हटलं ते मी विसरले नाही. दोन पॉइंटात प्लॉट परत येत नाही हे मला कळतं, पुढच्या सीझनचा अर्धा खर्च स्पॉन्सर उचलतो म्हणतो, कागदावर सही झाली की फोटो पाठवते, तोवर कोणालाच सांगू नका, काकांना तर मुळीच नाही.

आई, रेकॉर्डिंग दादाच्या फोनवर आहे. सुरुवातीचे पाच लाल दिवे विझले की पुढचं एक मिनिट डोळे मिटून घे, चालेल, गर्दी तेवढीच असते. मग उघड. पांढरी गाडी, केशरी हेल्मेट, ती मी.

बुधवारी रात्री पोचते. बाबांना एअरपोर्टवर स्कूटर घेऊन येऊ देऊ नको, बॅगा मोठ्या आहेत अन् त्यांना रात्रीचं दिसत नाही, ते मान्य करत नाहीत ते वेगळं.

तुमची,
सोनू