मेस्त्री, तुम्ही माझ्या लेकीला ब्रेक दाबायला बसवलंत

मेस्त्री,
स. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, पण तुमचं नाव आणि गाव त्यात घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे तुमच्याकडे काढलेल्या दीड दिवसात कळलं. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, चिपळूणच्या अंगाला, पत्र्याच्या शेडमध्ये काम करणारे तुम्ही. एवढी ओळख पुरे.

दिवाळीनंतरची गोष्ट. गुहागरला चार दिवस राहून आम्ही साताऱ्याला परत निघालो होतो. आमची गाडी म्हणजे 2006 सालची टेम्पो ट्रॅव्हलर. आधी ती शाळेची मुलं ने-आण करायची. आम्ही जुनी घेतली, मागच्या सीट काढल्या, पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी बसवली. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना पाहून आल्यावर लेकीने तिचं नाव ठेवलं कासव, घर पाठीवर घेऊन फिरते म्हणून. तेव्हापासून घरात कोणी तिला गाडी म्हणत नाही.

चिपळूण मागे पडलं. पुढच्या गावात गतिरोधक आला, समोर एसटी हळू झाली. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि पॅडल खाली गेलं. जिथे रोज थांबतं तिथे थांबलंच नाही. पुन्हा मारलं, पुन्हा तसंच. पुढच्या चाकांनी थोडं धरलं, मी हँडब्रेक ओढला आणि एसटीच्या मागे हातभर अंतरावर कासव थांबलं. लेक माझ्या शेजारी बसली होती. बारा वर्षांची आहे. ती ओरडली नाही की रडली नाही. उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि म्हणाली, “आई, मी आता यात बसणार नाही. आपण एसटीने जाऊ.”

मागच्या डाव्या चाकाजवळ ब्रेक ऑइल ठिबकत होतं. रस्त्यावरच एक जण मदतीला आला. म्हणाला, मागची लाइन, म्हणजे मागच्या चाकांना ब्रेक ऑइल नेणारी नळी, ठोकून बंद करून टाकतो, पुढच्या ब्रेकवर आरामात घाट चढाल. आम्ही जवळजवळ हो म्हणणार होतो. संध्याकाळ होत आली होती, दुसऱ्या दिवशी दोघांनाही कामावर जायचं होतं. तेवढ्यात चहाच्या टपरीवरच्या माणसाने तुम्हाला फोन लावला.

तुम्ही आलात, वाकून पाहिलंत आणि आम्हा सगळ्यांना खाली उतरवून गाडी स्वतः चालवत नेलीत. पहिल्या गिअरवर, चालत्या माणसाच्या वेगाने. तुमचा पोरगा शेजारून लाकडी ठोकळा हातात घेऊन चालत होता. तो अर्धा किलोमीटर आम्ही मागून चालत आलो. शेडपाशी पोहोचल्यावर तुम्ही पहिलं काय विचारलंत, आठवतं? “गाडी चालवतं कोण?” मी म्हटलं, मी. “मग तुम्ही या खाली,” म्हणालात, आणि सिमेंटचं रिकामं पोतं अंथरून माझ्या हातात टॉर्च दिलीत.

मेस्त्री, हे मोठं का वाटलं ते सांगते. जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, मी हीच गाडी शहरातल्या एका मोठ्या गॅरेजला दिली होती. ब्रेकचं सगळं काम करा, असं चारदा सांगितलं होतं. तिथे प्रश्न मी विचारायचे आणि उत्तर माझ्या नवऱ्याला मिळायचं. तो बिचारा दर वेळी म्हणायचा, “तिला सांगा, गाडी ती चालवते.” तरी पुढचं वाक्य पुन्हा त्यालाच. बिलावर लिहिलं होतं, ब्रेक लाइन तपासली. आणि त्या पोत्यावर पाठ टेकून मी पाहिलं, तर चेसिसच्या कडेने गेलेल्या नळ्यांवर छान काळा रंग मारलेला. तुम्ही स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने नुसतं खरवडलंत. रंग पापुद्र्यासारखा सुटला, त्याच्याखालून गंजाचे खवले पडले, माझ्या गालावर पडले. क्लिपने नळी जिथे धरून ठेवली होती तिथे ती अर्धी खाल्लेली होती. “खारं पाणी आणि चिखल इथंच बसतो, ताई. वाळत नाय. वरून दिसत पण नाय.”

त्या रंगाचा मला आजही राग येतो. काम जमलं नाही म्हणून सांगितलं असतं तर मी दुसरीकडे गेले असते. नळी जुनी झाली असेल, आमच्या सतत समुद्रकाठी उभं राहण्याने लवकर गंजली असेल, तो दोष माझा. पण गंज दिसल्यावर त्याच्यावर रंग मारणाऱ्या हाताला एवढंही वाटलं नाही, की या गाडीत पोर बसणार आहे. चार दिवसांपूर्वी आम्ही याच नळीवर कुंभार्ली घाट उतरलो होतो. वळणावळणाला ब्रेक दाबत. ते तुमच्या लक्षात आलंच असणार, कारण तुम्ही विचारलंत, “येताना याच वाटेनं आलात?” मी हो म्हटलं. तुम्ही पुढे एक शब्द बोलला नाहीत. फक्त किल्ली माझ्याकडून मागून घेतलीत आणि भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीखालच्या खिळ्याला अडकवलीत.

ठोकून बंद करण्याचं मी भीतभीत विचारलं, तेव्हा तुम्ही चिडला नाहीत. जोरात ब्रेक मारला की त्या बारीक नळीत टायरच्या हवेच्या वीसपट दाब होतो, तिथे जुगाड टिकत नाही, आणि मागची चाकं धरेनाशी झाली की सगळा भार पुढच्यांवर, घाटात ती तापणार, हे सगळं शांतपणे सांगितलंत. तांब्याची नळी घालायची का, ती गंजत नाही, असं माझ्या नवऱ्याने विचारलं. त्यावर म्हणालात, तांबं वाकवायला सोपं, पण रोजच्या हादऱ्याने कडक होऊन तडकतं, मी घालणार नाही. पोरगा सकाळी चिपळूणला जाऊन लेप दिलेली पोलादी नळी घेऊन आला. गळत होती एकच, तुम्ही सगळ्या बदलल्यात. “एकाच वयाच्या आहेत. एक गेली, बाकीच्यांचं काय सांगायचं?” एका टोकाचा फ्लेअर, म्हणजे जोडासाठी फुलवलेलं नळीचं तोंड, जरासा तिरका आला. मला तर तो बरोबरच दिसत होता. तुम्ही तो कापून टाकलात आणि पुन्हा केलात. आणि ब्रेक ऑइलचा डबा सीलबंद माझ्या हातात दिलात, मलाच फोडायला लावलात. “उघडा राहिला की हवेतलं पाणी ओढतो. पावसाळ्यात पापड सादळतो तसा.”

हे सगळं तुमचं काम होतं, ते चोख होतं, त्याचे पैसे तुम्ही घेतलेत आणि अगदी वाजवी घेतलेत. पत्र मात्र मी त्यापुढच्या अर्ध्या तासासाठी लिहितेय.

लेक सकाळपासून शेडच्या बाहेर जांभ्याच्या गडग्यावर बसून होती. तुमच्या घरून आलेली भाकरी खाल्ली, पण आत आली नाही. मी दोनदा समजावलं, नवऱ्याने गाडी आता नवीकोरी झाली म्हणून सांगितलं. ती मान हलवायची आणि तिथेच बसायची. आम्हाला आपलं वाटत होतं, घरी गेल्यावर विसरेल. नळ्या बसल्या, लाइनमधली एअर, म्हणजे ऑइलमध्ये अडकलेली हवा, काढायची वेळ आली. पॅडल मारायला तुमचा पोरगा ड्रायव्हर सीटवर चढतच होता. तुम्ही त्याला हाताने थांबवलंत. गडग्याकडे पाहून हाक मारलीत, “बाय, इकडे ये जरा. मला एक माणूस कमी पडतंय.”

माणूस कमी पडत नव्हता, मेस्त्री. मी होते, नवरा होता, पोरगा समोर उभा होता.

ती आली. पाय पोहोचेना, तर तुम्ही पोत्याची घडी करून तिच्या पाठीमागे घातलीत. खाली जाण्याआधी तिच्याकडे बघून म्हणालात, “तीनदा मार, मग दाबून धर. मी खालून निपल, हवा काढायचा स्क्रू, सोडणार. तेव्हा पाय तुझा खाली जाईल, काल आईचा गेला होता ना, तस्साच. पण आज तो मी नेतोय. घाबरायचं नाय. तळाला टेकला की ‘गेला’ म्हणून ओरड.”

पहिल्यांदा पॅडल तिच्या पायाखालून सरकलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरलं. चेहरा कालच्यासारखाच झाला. पण खालून तुमचा आवाज आला, “गेला काय?” आणि ती ओरडली, “गेला!” तुम्ही म्हणालात, “सोड.” मग पुन्हा. आधी मागचं डावं, मग मागचं उजवं. बाटलीतल्या नळीतून बुडबुडे यायचे आणि तुम्ही तिला मोजून सांगायचात, आता सात आले, आता तीन, आता एकच. पुढच्या चाकांपर्यंत येता येता तिच्या आवाजात जोर आला होता. ती तुमच्या पोरालाच सांगायला लागली, वरचं ऑइल बघ, कमी झालं असेल.

शेवटी तुम्ही हात पुसत वर आलात, दाराशी उभे राहिलात आणि म्हणालात, “आता दाब.” तिने दाबलं. पॅडल थोडं गेलं आणि थांबलं. तिने सीटवरून उठून अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकला. दगडासारखं घट्ट. तिने माझ्याकडे पाहिलं. “आई, जातच नाही खाली.”

आमच्या दोघांच्या शब्दांनी जे झालं नाही ते तिच्या स्वतःच्या तळपायाला कळलं. तुम्ही तिला धीर दिला नाहीत, काम दिलंत. भ्यालेल्या पोराला आपण बहुतेक वेळा गप्प करतो, लाडाने किंवा दटावून. त्याला जवळ बोलावून भीतीची जागाच हातात द्यावी, हे मला आई असून सुचलं नव्हतं. आणि तुम्हाला ते कुणी शिकवलं नसणार. चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठं देणं, असं मी समजत आले. त्या दिवशी पाहिलं की आपल्या कामाचा अर्धा तास लांबवून दुसऱ्याच्या पोराला त्यात जागा करून देणारा माणूस गॅरेजमध्ये भेटतो, आणि त्याला आपण काही केलं असं वाटतही नाही. मी तुमचे आभार मानायला गेले तर तुम्ही विषय बदललात. समुद्रावरून आलात की गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, दर पावसाळ्यानंतर नळ्या क्लिप सोडून बघा, नुसत्या वरून नको, एवढं सांगितलंत आणि खिळ्यावरची किल्ली काढून दिलीत. दिलीत ती लेकीच्या हातात.

घाट चढताना ती पुढेच बसली होती. हेळवाकपर्यंत माझा पाय ब्रेकवर गेला की पुटपुटायची, “धर… सोड.” जुन्या नळीचा वीतभर तुकडा तिने तुमच्याकडून मागून घेतला होता. तो तिच्या कंपासपेटीत आहे, वर्गात सगळ्यांना दाखवून झालाय.

नाताळच्या सुट्टीत आम्ही पुन्हा खाली उतरलो. तुमच्या शेडपाशी थांबलो, पण तुम्ही कुणाच्या तरी लग्नाला गेला होतात आणि शेड बंद होती. पोराकरिता आणलेले कंदी पेढे शेजारच्या टपरीवर ठेवून आलो, मिळाले असतील. मार्चमध्ये वेळासला जाणार आहोत. जाताना क्लिपा सोडून नळ्या तुम्हाला दाखवायच्या आहेत. लेकीने सांगितलंय, पोतं तिच्यासाठी अंथरायचं, या वेळी खाली ती जाणार.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
कासववाली ताई