सुज्याला पत्र: मनू काय वाचतेय त्याबद्दल

शिवाजी पेठ, कोल्हापूर

प्रिय सुज्या,

काय म्हणतोस मर्दा. परवा फोनवर तासभर डोकं खाल्लंस पण मुद्दा एवढाच होता की मनू दहावीच्या वर्षात कॅन्सर झालेल्या पोरापोरींची प्रेमकथा वाचत बसलीय, वहिनींना टेन्शन आलंय आणि तू मला विचारतोयस हा जॉन ग्रीन कोण, पुस्तक काढून घेऊ का. नको काढून घेऊस. फोनवर तू मधेच घुसतोस म्हणून लिहितोय, लांब होणार आहे, चहा घेऊन बस.

आधी हे की त्याची गोष्ट तू बघितलीयस. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सुशांतसिंहचा शेवटचा पिक्चर आला, 'दिल बेचारा', नाकात ऑक्सिजनची नळी घालून फिरणारी जमशेदपूरची पोरगी, आणि तूच रात्री मेसेज टाकलेलास की रडवलं राव. तो ग्रीनच्या 'द फॉल्ट इन अवर स्टार्स'वरनंच केलेला, मनू वाचतेय ते हेच. म्हणजे बाप रडला तर चालतंय आणि पोरीनं वाचलं की टेन्शन, हे कसलं गणित.

माणूस १९७७ चा, म्हणजे आपल्यापेक्षा थोडाच मोठा. जन्म इंडियानापोलिसचा, वाढला फ्लोरिडात, शाळेत पोरं त्रास द्यायची, मग अलाबामातल्या बोर्डिंगात गेला. कॉलेजात इंग्रजी आणि धर्म असे दोन विषय घेतले कारण पाद्री व्हायचं होतं. त्यासाठी कोलंबसच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलात काम धरलं, काम काय तर ज्यांचं लेकरू आत सिरीयस आहे त्या आईबापांजवळ रात्री बसायचं. विशी-बाविशीतलं पोरगं ते, काय बोलणार त्यांच्याशी? पाच-सहा महिन्यांत पाद्री व्हायचं डोक्यातनं गेलं आणि शिकागोला जाऊन पुस्तकांची परीक्षणं छापणाऱ्या एका मासिकात साध्या नोकरीला लागला. पण हॉस्पिटल डोक्यातनं गेलं नाही. त्या पोरांवर काहीतरी लिहायचं म्हणून दहा वर्षांच्या वर घोळवत बसला, जमेना, आणि शेवटी जमलं तेव्हा २०१२ साल उजाडलं. मधे एस्थर अर्ल नावाच्या पोरीशी त्याची दोस्ती झाली होती, थायरॉईडचा कॅन्सर, २०१० ला सोळाव्या वर्षी गेली. पुस्तक तिला अर्पण केलंय, पण नायिका म्हणजे एस्थर नव्हे हेही तो स्पष्ट सांगतो, ते मला आवडलं. नाहीतर मेलेल्या माणसाच्या नावावर खपवायला कितीसा वेळ लागतो.

आणि त्यातली आजारी पोरं गरीब बिचारी नाहीत रे. टोमणे मारतात, व्हिडिओ गेम खेळतात, सपोर्ट ग्रुपला वैतागतात, कुणी 'किती धीराची आहेस गं' म्हटलं की त्यांना चीड येते. आपल्याकडं आजारी माणसाला भेटायला गेलं की आपण जे बोलतो ना, ते सगळं त्या पोरांच्या कानांनी ऐकायला मिळतं. वहिनींना सांग, त्यांनीही वाचावं.

सगळंच भारी आहे असं नाही हां. त्याची सोळा वर्षांची पोरं प्रोफेसरासारखी बोलतात, आपण सोळाव्या वर्षी रंकाळ्यावर काय बोलत होतो आठव. पहिल्या 'लुकिंग फॉर अलास्का'त (२००५, त्याला अमेरिकेतलं किशोरवयीनांच्या पुस्तकांचं प्रिंट्झ अवॉर्ड मिळालं) एक गूढबिढ पोरगी आणि तिच्यामागं येडा झालेला हिरो, तिसऱ्या 'पेपर टाऊन्स'मध्ये परत तसंच, फक्त तिथं हिरोला शेवटी कळतं की आपण डोक्यात बनवलेली पोरगी वेगळी आणि खरी वेगळी. मधलं दुसरं मला कंटाळवाणं वाटलं, सोडून दे.

पण बघ, पहिलं पुस्तक आलं तेव्हा वय सत्तावीस. आपल्या राजाराम हायस्कूलात शिकवणाऱ्या शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' १९६७ ला आलं, ते पण ह्याच वयाच्या आसपास. आपण काय केलं, 'किशोर' वाचायचं वय संपलं की डायरेक्ट कर्ण! मधे जे वय असतं, घरच्यांचा राग येतो, आरशात बघवत नाही, कुणावर तरी जीव जडतो आणि सांगता येत नाही, त्या वयासाठी मराठीत कादंबरी शोधायला गेलो तर मला तरी फार काही सापडत नाही. मग मनू इंग्रजीकडं गेली तर तिचा काय दोष?

तिला पुढचं 'टर्टल्स ऑल द वे डाऊन' दे, २०१७ चं. माझ्या मते त्याचं सगळ्यात चांगलं तेच. ग्रीनला स्वतःला ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार डोक्यात परत परत घुसत राहतात तो मनाचा आजार, लहानपणापासनं. २०१२ च्या प्रचंड यशानंतर पाच वर्षं कादंबरी आली नाही, आणि आली ती ह्या आजारावर. त्यातली एझा बोटाला नख टोचून जखम करते, मग जंतू शिरले असतील म्हणून परत परत सॅनिटायझर, बँडेज बदल, परत शंका, हे असं पानंच्या पानं, वाचताना आपल्याला घुसमटायला होतं. स्वच्छतेची आवड वगैरे आपण जे हसण्यावारी नेतो तसलं ह्यात काही नाही. आणि शेवटी ती खडखडीत बरी होत नाही, आजार येत-जात राहणार हे तिला कळतं आणि तरी जगता येतं. पिक्चरवाला शेवट केला असता तर मी पुस्तक फेकून दिलं असतं.

पुस्तक काढून घेणारा तू पहिला नाहीस, म्हणून खूश होऊ नकोस. 'अलास्का'वर २०१५ ला अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त तक्रारी झाल्या, आणि २०२३ ला त्याच्याच इंडियानात एका लायब्ररीनं मनूचं हे पुस्तक टीनएजर्सच्या कपाटातनं उचलून मोठ्यांच्या कपाटात ठेवलं. गडी चिडला, जाहीर बोलला, नंतर ते परत आलं.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी एवढं लिहितोय. तुमच्या वाड्यातली काकू आठवते? 'छातीत पाणी झालंय' एवढंच सांगायचे, कपबशी वेगळी, आम्हा पोरांना तिच्या खोलीकडं फिरकू द्यायचे नाहीत, मग मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनेटोरियमला नेलं. टीबी हा शब्द वाड्यात कुणी उच्चारला नाही. ग्रीन २०१९ ला आफ्रिकेत सिएरा लिओनच्या एका सरकारी टीबी हॉस्पिटलात गेला, तिथं हेन्री नावाचं पोरगं त्याला फिरवून दाखवत होतं. ह्याला वाटलं आपल्या मुलाएवढं, नऊ वर्षांचं असेल. तो सतरा वर्षांचा निघाला, कुपोषण आणि टीबीनं वाढच खुंटलेली. तिथनं ग्रीन असा नादाला लागला की २०२५ ला 'एव्हरीथिंग इज ट्यूबरक्युलोसिस' लिहिलं. हेन्री वाचला, कॉलेजात गेला. पण २०२३ मध्ये जगात साडेबारा लाख माणसं ह्या आजारानं गेली, दर चार पेशंटमागं एक आपल्या देशातला, आणि औषध १९४० च्या दशकापासनं आहे! बेडाक्विलिन नावाच्या टीबीवरच्या औषधाचं पेटंट कंपनी वाढवायला बघत होती, तेव्हा मुंबईच्या नंदिता वेंकटेशननं, जिची ऐकण्याची शक्ती टीबीच्या इंजेक्शननं गेली, तिनं आपल्या पेटंट ऑफिसात हरकत घेतली आणि मार्च २०२३ ला जिंकली. त्यानंतर जुलैत ग्रीननं बाकी देशांसाठी त्याच कंपनीमागं आपले वाचक लावले आणि कंपनीला नमतं घ्यावं लागलं. तुझी पोरगी असल्या माणसाचं वाचतेय.

तेव्हा सहामाही होऊ दे, दिवाळीत तिला घेऊन ये, करवीर नगर वाचन मंदिरात दिवसभर सोडू. ती अजून आपल्या कोल्हापुरी पोरींसारखं 'मी आलो, मी जेवलो' बोलते का पुण्यात सुटलं ते? 'टर्टल्स' माझ्याकडनं कुरिअर करतोय तिच्या नावानं, तू मधेच उघडू नकोस. टीबीचं तुझ्यासाठी ठेवलंय, पण माझी आधीची नेलेली पुस्तकं परत आणलीस तरच मिळेल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या