माशिमा, तुमच्या चुलीवरचे मोजे

माशिमा,
सा. न. वि. वि.

हे मराठी तुम्हाला वाचता येणार नाही, नातू हिंदीत सांगेल. तरी मराठीतच लिहितेय, कारण माझ्या माणसांनाही कळू दे तुम्ही, माझी माशिमा (बंगालीत मावशी), कोण आहात.

अंदमानातल्या नील बेटावर (सरकारी कागदावर २०१८ पासून शहीद द्वीप) बोटीतून उतरले, तेव्हा माझ्या डोक्यात घरी परतायचंच होतं. त्याआधीचे तीन आठवडे दुसऱ्या एका बेटावर राबले होते. नाव कशाला घेऊ? ‘सेंद्रिय शेती शिका’ म्हणून बोलावलं, रोजचं चार तास काम ठरलं आणि आठ-आठ तास नारळाच्या झावळ्या ओढायला लावल्या. शिकवलं कुणीच काही नाही. मला ताप भरला त्या दिवशी मालकांनी एवढंच विचारलं, “उद्या येशील ना कामावर?” ते अजून टोचतं. फोटोखाली मात्र आम्हाला ‘आमचं कुटुंब’ म्हणायचे.

तुम्ही पहिल्याच संध्याकाळी माझ्या पायांकडे बघितलंत. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. “एकदम भिजे गेछे,” म्हणालात. बंगाली असूनही ते मला लगेच कळलं.

मी लातूरची. २०१६ साली आमच्या शहराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. टँकरच्या रांगेत मी कळशी घेऊन उभी राहिलेय. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथं कसं राहायचं, हे मला कुठून ठाऊक असणार? दोरीवरचे कपडे चार-चार दिवस ओलेच. तुम्ही माझे मोजे मागून घेतलेत, धुतलेत आणि चुलीच्या वर बांधलेल्या तारेवर टाकलेत. पहाटे दाराशी गमबूट होते आणि त्यांत घडी केलेले मोजे. कोरडे, अजून कोमट, धुराच्या वासाचे. दुसऱ्या दिवशीही तसेच. मग रोजच. चाळीस दिवसांत एकदाही चुकलं नाही, आणि त्याबद्दल तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत.

रात्री विजेरी घेऊन आपण गोगलगाई वेचायचो. महायुद्धात जपान्यांनी अंदमानात आणलेली ही आफ्रिकी गोगलगाय तुमच्या भोपळ्याचे कोवळे शेंडे एका रात्रीत फस्त करायची. मला ती चांगलीच ओळखीची. २०२२च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडे हिनंच सोयाबीनची रोपं खाल्ली, माझ्या काकांना दुबार पेरणी करावी लागली. गुळाच्या पाण्यात बुडवलेलं गोणपाट बांधाला अंथरायचं आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई उचलायच्या, हा आमच्याकडचा उपाय मी भीतभीतच सांगितला. आधीच्या ठिकाणी असं काही सुचवायची सोयच नव्हती. तुम्ही मात्र काही न विचारता डब्यातला गूळ काढून दिलात. सकाळी मिठाच्या पाण्याची बादली भरली, तेव्हा नातवाला म्हणालात, ही लातूरची विद्या. मला त्या दिवशी जेवताना रडू आलं. मिरची तिखट होती म्हणून नव्हे, माशिमा.

तुम्ही आईच्या कडेवर बसून या बेटावर आलात, पूर्व बंगालातलं घर मागे टाकून. सरकारनं दिलेल्या जमिनीवरचं जंगल तुमच्या वडिलांनी हातानं साफ केलं. परक्या मुलखात उतरलेल्या माणसाला काय लागतं, हे तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही. निसर्ग, सेंद्रिय, समूहजीवन हे शब्द फाटकावर कुणीही रंगवून घेतं. आपल्याकडे राबायला आलेल्याचे पाय ओले आहेत का, हे बघणारी माणसं निराळी. अशी माणसं आहेत, आणि पाटी न लावता आहेत, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

चिखल्या बऱ्या झाल्या. अंगणात तुम्ही दिलेली पुई लावलीय, आमच्याकडे तिला मायाळू म्हणतात. उन्हाळ्यात जगवायला जड गेली, पण जगली. सोबत पाच किलो गूळ पाठवतेय. पावसाआधी पोचायला हवा. अर्धा गोणपाटांना आणि अर्धा तुमच्या चहाला.

तुमची,
लातूरवाली